गळाआधी ओढा

दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतेच. पोरगा शहरात नोकरीला असतो, हिमाचलात जाऊन येतो, तीर्थन नदीवर धरलेल्या ट्राउटचे फोटो मोबाइलवर दाखवतो आणि म्हणतो, "काका, आपल्या वणीला असा गळ टाकणाऱ्यांचा क्लब नाही का काढता येणार? डोंगरातून एवढे ओढे उतरतात!"

क्लब काढता येईल, ट्राउट मिळणार नाही. हा थंड पाण्याचा मासा आहे. पाणी विशीच्या वर फार दिवस राहिले की त्याचा जीव घाबरा होतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो, आणि आपल्या डोहांचे चैत्र-वैशाखातले पाणी कसे असते ते पाय बुडवून बघा. तसाही हा मासा भारतातला नव्हेच. काश्मिरात, निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरात तो इंग्रजांनी स्वतःच्या हौसेसाठी आणून सोडला.

मात्र ट्राउटवाल्यांकडून घेण्यासारखे काही आहे, आणि ते गळाच्या पलीकडचे आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ऑ सेबल नदीकाठी १९५९ साली काही गळवाले जमले आणि त्यांनी 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था काढली. त्या काळी तिथली सरकारी रीत अशी, की उबवणी केंद्रात मासे वाढवायचे, नदीत ओतायचे आणि हौशी लोकांनी ते धरून न्यायचे. या मंडळींचे म्हणणे पडले की नदीच नीट ठेवली तर मासे आपले आपण राहतील. आज त्या संस्थेच्या गावोगावच्या शाखांचा बराच वेळ काठावर झाडे लावणे, पाण्याचे तापमान टिपणे आणि माशांच्या वाटेतले अडथळे काढणे यात जातो. वणी-दिंडोरीत क्लब काढायचा असेल तर आधी हीच कामे उचलावी लागतील.

पहिली बैठक बोलावण्याआधी नकाशा उघडा. वणी सातमाळ्याच्या पायथ्याशी आहे आणि हा डोंगर पाणी वाटून देतो. सप्तशृंगीच्या रांगेच्या उत्तर अंगाला पडलेला थेंब गिरणेला मिळतो, तापीतून अरबी समुद्रात जातो. दक्षिण अंगाचा थेंब उनंदा-कादवेच्या वाटेने गोदावरीत जातो, म्हणजे बंगालच्या उपसागरात. कादवा गोदावरीला मिळते ती नांदूर मध्यमेश्वराला. त्या पाणथळीला २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत जागा मिळाली, महाराष्ट्रातली ती पहिली. तिथले पक्षी बघायला आपण गाडी काढून जातो, त्या पाण्याचा एक धागा मात्र आपल्याच शिवारातून निघतो. तुमचा ओढा कुठल्या नदीला, कुठल्या धरणाला मिळतो हे प्रत्येक सभासदाला तोंडपाठ हवे. ओझरखेड, पुणेगाव, करंजवण, वाघाड ही नावे आपण फक्त आवर्तनाच्या तारखांपुरती घेतो.

मग माशांची ओळख. धरणातले कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, बोटुकली सोडून वाढवलेले. तिलापिया, म्हणजे बाजारातली चिलापी, मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आली. आपल्या मातीतले मासे वेगळेच आहेत, बहुतेक बोटाएवढे. खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या. वाळू-गोट्यांत दडणारी पट्टेदार मुरी. अंगावर काळी रेघ मिरवणारा दांडवण. मिशावाली शिंगटी, मुळ्यांच्या बेचक्यात राहणारी वाम, आणि आटत्या डोहातही वर येऊन हवेवर तग धरणारी मरळ.

या नावांची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णने छापली. लॅटिन नावे देताना त्याने सरळ कोळ्या-भोयांच्या तोंडची मराठी नावे उचलली. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत मळ्या आजही 'गारा मुल्ल्या' आहे, शिंगटी 'मिस्टस सींगटी' आहे, आणि खडशी, म्हणजे आपला महाशीर, 'टॉर खुद्री' आहे. पुढे १९५२ साली एका माशाचे नाव 'खवलचोर' पडले, कारण तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. ज्या भाषेने माशांना नावे दिली तिच्या लेकरांना आज पापलेट आणि सुरमई सोडून मासा ओळखता येत नाही. २०२३ मध्ये राज्यमासा ठरवला तोही पापलेटच. समुद्राबद्दल तक्रार नाही, पण ओढ्याची आठवण कुणाला झाली नाही एवढे खरे.

क्लबचे पहिले काम म्हणून गळ घरी ठेवून तीन फेऱ्या मारा. एक मार्गशीर्षात, पाणी निवळल्यावर. दुसरी होळीच्या सुमारास. तिसरी मेच्या शेवटी, जेव्हा ओढा तुटून डोह-डोह उरतो. प्रत्येक फेरी त्याच एक-दोन किलोमीटरची, त्याच जागांवर थांबत. बरोबर साधा थर्मामीटर, मोजकाठी, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, वही. पहाटे गेलात तर उत्तम, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. सूर्य उगवताना मासे पृष्ठभागावर तोंड काढून गपागप करताना दिसले तर डोह गुदमरतोय असे समजा. अपवाद मरळीचा, ती एरवीही वर येऊन हवा घेते.

ट्रेचे काम दगडांसाठी. खळाळातला मुठीएवढा दगड हलकेच उचला आणि ट्रेतल्या पाण्यात त्याची खालची बाजू धुवा. शेपटीला दोन-तीन लांब केस आणि पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले असलेली चपटी पिले वळवळली तर पाणी चांगले. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधणाऱ्या अळ्या दिसल्या तर फारच चांगले. चतुराची आणि टाचणीची पिले असली तर ठीक. नुसत्याच रक्तासारख्या लाल अळ्या निघाल्या तर वरच्या अंगाला गटार किंवा शेणगोठ्याचे पाणी मिसळते आहे का ते शोधा. या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखेच रक्तातले लाल द्रव्य असते, म्हणून त्या प्राणवायू संपत आलेल्या चिखलातही जगतात. ही तपासणी फुकट होते, प्रयोगशाळा लागत नाही, आणि शाळेतली पोरे ती मोठ्यांपेक्षा बरी करतात. बघून झाले की दगड होता तसा, त्याच तोंडाने परत ठेवायचा.

डोहांची मात्र स्वतंत्र यादी करा. प्रत्येक डोहाला गावात नाव असते, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. खोली, सावली, मेअखेर उरलेले पाणी. ओढ्याचा सगळा जीव उन्हाळ्यात या चार-पाच डोहांत गोळा होतो, आणि पुढच्या पावसात तिथूनच वर-खाली पसरतो. एक डोह कोरडा पडला की एका टप्प्यातले बियाणे गेले. आमच्या पिढीने डोह दोन प्रकारे घालवले. एक मोटारी टाकून तळापर्यंत उपसून. दुसरा प्रकार जास्त साळसूद: २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले आणि खोलीकरण-सरळीकरणाच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी ओढ्यांचे कालवे झाले. पाणी अडले, विहिरींना उतरले, ते नाकारत नाही. पण जेसीबीने वळण काढले, गोटे काढले, करंज-उंबर-वाळुंजाच्या मुळ्या काढल्या, आणि उरले ते उन्हात तापणारे सरळ गटार. पुढच्या वेळी गावात यंत्र येईल तेव्हा तुमच्याकडे डोहांची यादी तयार असेल तर ग्रामसभेत "एवढे चार सोडून खोदा" असे म्हणता येईल. यादी नसेल तर कुणी ऐकणार नाही.

मोटारवाल्या शेतकऱ्याशी भांडू नका. द्राक्षाच्या बागेला मेमध्ये पाणी द्यायचे की मुरीला जगवायचे, असा प्रश्न त्याच्यापुढे टाकला तर तो काय उत्तर देईल ते ठाऊक आहे, आणि त्याच्या जागी आपणही तेच देऊ. त्यापेक्षा दोन गोष्टी मागा. फूटव्हॉल्व्ह तळाला न टेकवता हातभर वर बांधायचा, म्हणजे मोटार हवा ओढू लागेल तेव्हाही खाली हातभर पाणी राहील. आणि व्हॉल्व्हभोवती बारीक जाळीची टोपली बांधायची, म्हणजे पिले ओढली जाणार नाहीत. जाळीने गाळही अडतो, ठिबकचे फिल्टर कमी तुंबतात. हा दुसरा फायदा आधी सांगा.

आता द्राक्षांचीच गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडे डावणी-भुरीच्या धास्तीने फवारण्यांचा सपाटा सुरू होतो. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. त्यातले तांबे बुरशीला जसे मारते तसे माशाच्या कल्ल्यांनाही मारते, आणि त्याला लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशही पुरतो. कीटकनाशकांतली काही तर त्याहून जहाल. बागेवर पडलेले औषध ओढ्यात पोचते ते थोडे. खरा घात टाकी धुताना होतो. ब्लोअर ओढ्यात उभा करून भरायचा आणि काम झाल्यावर तिथेच विसळायचा, ही सवय. हिवाळ्यात ओढ्याची धार बोटभर असते, तेवढ्यात एक टाकी विसळली तर खालच्या डोहात दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगतात, आणि गावात बोलले जाते की कुणीतरी विष घातले.

क्लबने इथे एकच नियम गावाकडून मान्य करून घ्यावा: टाकी भरायची बादलीने किंवा पंपाने, वाहन काठावरच, विसळलेले पाणी पुन्हा बागेच्याच ओळीत फवारून टाकायचे. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून, भोक पाडून, वेगळ्या गोणीत. माझ्या अनुभवात हे औषध दुकानदारामार्फत सांगितले तर लवकर पटते. दुकानदाराचा शब्द आपल्याकडे डॉक्टरच्या शब्दाएवढा चालतो.

पावसाळ्याचे नियम कडक हवेत. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, ओढ्याला गढूळ लोंढा आला की मासे अंडी घालायला वर निघतात. चढणीचे मासे खाण्याची आपल्याकडे मोठी हौस, आणि ते चवीला असतातही. पण त्या आठ-पंधरा दिवसांत अरुंद जागी मच्छरदाणी आडवी लावली की पोटात अंडी असलेल्या माद्या सरसकट जातात. क्लबच्या सभासदांनी जून ते ऑगस्ट गळ आणि जाळे दोन्ही बंद ठेवावे. त्याऐवजी पहिल्या लोंढ्याच्या रात्री विजेऱ्या घेऊन बंधाऱ्याखाली जाऊन बसा, अर्थात काठापासून दूर, कारण डोंगरातला लोंढा सांगून येत नाही. मासे भिंतीवर उड्या घेऊन परत पडताना दिसतील. भिंत किती फूट, खाली पाणी किती, कुठल्या कोपऱ्यात मासे जास्त जमतात, हे टिपा. कोल्हापुरी बंधारा असेल तर बरगे पावसाआधी वेळेवर काढले जातील असे बघा, बऱ्याच ठिकाणी ते आळसाने तसेच राहतात. सिमेंटचा पक्का बांध असेल तर खालच्या अंगाला एका कडेने मोठे दगड रचून पायरी-पायरीचा उतार करता येतो. मळ्या दगडाला चिकटत चिकटत असा उतार चढून जातो. बांध ज्या खात्याचा असेल त्याची लेखी परवानगी आधी घ्या.

मरळीसाठी एक जादा नियम. तांबड्या पिलांचा घोळका पाण्यावर वर-खाली होताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. गळ टाकला तर ती हमखास लागते, कारण ती भुकेने येत नाही, अंगावर धावून येते. तेवढी मरळ सोडायची.

गळाचा हंगाम मग उरतो दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत, आणि तेवढा पुरे. गांडूळ किंवा कणकेची गोळी, साधी काठी, बारीक गळ. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा सुटण्याचे प्रमाण थोडे वाढते, पण काढताना तोंड फाटत नाही. हात ओले करून मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो पाण्याच्या वरच काढा, आपला श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ. डोह आटू लागले की गळ गुंडाळून ठेवा. अडकलेल्या माशाला धरण्यात कसब कसले? धरणाच्या पाण्यात गळ टाकायचा तर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिला आणि नाशिकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

सुरुंगाचे तोटे फोडून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. ब्लीचिंग पावडर आणि कीटकनाशक ओतणारेही त्यात येतात. विजेच्या तारा पाण्यात सोडणारा तर स्वतःच्या जिवाशीही खेळतो. असे काही दिसले तर पोलीस पाटलांना सांगा, फोटो काढा, एकट्याने अडवायला जाऊ नका.

पण इथे हौशी मंडळींनी स्वतःकडेही बघावे. ओढ्यावर सर्वांत आधी हक्क सांगता येईल ते भिल्ल, कोकणा, महादेव कोळी कुटुंबांना. त्यांच्या घरी मासा हौसेसाठी शिजत नाही. गेळफळ किंवा रामेठा ठेचून डोहात टाकण्याची जुनी रीत त्यांच्यातल्या काहींना ठाऊक आहे, आणि ती आज सोडली पाहिजे हे खरे. पण हे सांगणारा माणूस जर पाच हजारांचा गळ खांद्यावर टाकून मोटारीतून उतरला असेल तर ते सांगणे वाया जाते. क्लबच्या पहिल्या बैठकीत त्यांच्यातली दोन-तीन जाणती माणसे असली पाहिजेत, आणि पाहुणे म्हणून नव्हे. डोहांची नावे, माशांची नावे, कुठला मासा कधीपासून दिसेनासा झाला, हे सगळे त्यांनाच माहीत असते. वहीतला तो भाग त्यांच्या तोंडूनच भरायचा आहे.

मासे आणून सोडण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. डासांसाठी म्हणून गप्पी मासे आणले आणि उत्साहाच्या भरात उरलेले ओढ्यात सोडले. दोन वर्षांनी त्या डोहात गप्पीच गप्पी, आणि पूर्वी दिसायचे ते दांडवणाचे थवे विरळ. गप्पीमुळेच झाले असे छातीठोक सांगता येणार नाही, पण तेव्हापासून मी हात आखडला. गप्पी टाकीत, हौदात ठीक. ओढ्यात नको. आफ्रिकन मांगूर तर देशात पाळायलाही बंदी आहे.

यातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच खडशीचे आहे. धरणांमुळे हा मासा घटत चालला तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वळवण येथील केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली. काम मोलाचे, त्याची पिले देशभर गेली. पण ती कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे आधीपासून राहणारा कुबडाचा महाशीर, जो जगात फक्त त्याच खोऱ्यात सापडतो, मागे रेटला गेला. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. दख्खनचा हक्काचा मासा चार नद्या पलीकडे जाऊन उपरा ठरला. खडशी वाढवायची असेल तर आहे तिथे सांभाळावी, जशी लोकांनी देवाच्या नावाने सांभाळली: महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरापाशी. त्या डोहांत कुणी गळ टाकत नाही. आपल्या देवीच्या पायथ्याशी एखादा डोह असा राखायचे गावाने ठरवले तर पाटी लावावी लागणार नाही. चैत्रातल्या आणि नवरात्रातल्या यात्रेत मात्र तिथे कुणीतरी उभे राहावे लागेल. निर्माल्य आणि पाण्याच्या बाटल्या डोहात जाऊ नयेत म्हणून.

कागदपत्रांची घाई करू नका. पहिले वर्षभर वही आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट पुरतो. नंतर हवीच असेल तर किमान सात जणांनी मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. त्याआधी उपयोगाची गोष्ट ग्रामपंचायतीत आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात असते. ग्रामपंचायतीत मागा, माशांचे पान उघडा, आणि आपल्या वहीतल्या नोंदी तारखेसह तिच्यात चढवायची विनंती करा. उद्या ओढ्यावर काही बांधायचे ठरले तर सरकारी दफ्तरात उत्तर देणारे तेच पान असेल.

माणसे टिकतील का, ही शंका रास्त आहे. पण वाघाडच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढून कालव्याचे पाणी मोजून वाटून घेतले, ओझरला त्याची सुरुवात समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांच्यासारख्या माणसांनी केली, आणि राज्याचा त्यासंबंधीचा कायदा त्यानंतर २००५ साली आला. कालव्याचे पाणी मोजायची सवय या तालुक्याला आहे. ओढ्याचे मोजायचे राहिले आहे.

वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखताना तारीख, वेळ, जागा, पाण्याचे तापमान, डोहाची खोली, दगडाखाली काय निघाले, कुठले मासे, किती, आणि शेवटी "कुणी सांगितले" असा एक रकाना ठेवा. आकडा नक्की नसेल तर अंदाज लिहून पुढे "अं." करा. पेन्सिलने लिहा, शाईची पाने पहिल्याच फेरीत भिजतात.